राजसॉरस की राजासॉरस?

बडोद्याच्या एका ताईंनी विचारलं आहे : मुलांना घेऊन बालासिनोरजवळच्या रैयोलीला गेलो होतो. तिथे ज्याची हाडं सापडली त्या मांसाहारी डायनासोरचं नाव ‘राजासॉरस’ असं वाचलं. आपण तर राजवाडा, राजहंस म्हणतो. मग ‘राजसॉरस’ नको का?

ताईंचा कान तयार आहे. मूळ शब्द ‘राजन्’. समासात तो आधी आला की न् गळतो आणि ‘राज’ उरतं : राजपुत्र, राजमार्ग. ‘राजाश्रय’मधला काना राजाचा नाही, तो ‘आश्रया’तला आ. शब्द शेवटी आला तरी ‘राज’च. पाणिनीचं सूत्र आहे, ‘राजाहःसखिभ्यष्टच्’, त्यामुळे ‘महाराज’ होतं. बडोद्यात तर दोन्ही रूपं कानावर असतात : घरात ‘सयाजीराव महाराज’, विद्यापीठाच्या नावात ‘महाराजा सयाजीराव’.

तरी मी ‘राजासॉरस’च लिहीन. हा मराठी समास नव्हेच. हाडं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं १९८२ ते १९८४ या काळात गोळा केली, आणि २००३ साली विल्सन, सेरेनो हे अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ हे नाव ठेवलं, तेही रोमन लिपीत आणि लॅटिन वळणानं. त्यात अख्खा ‘राजा’ आहे, ग्रीक ‘सॉरस’ म्हणजे सरडा आहे, आणि ‘एन्सिस’ हा आपल्या ‘-कर’सारखा गावदर्शक प्रत्यय. नर्मदेकर म्हणा हवं तर! विशेषनाम ठेवणाऱ्यानं ठेवलं तसं घ्यावं.

अर्थ सांगताना मात्र ‘सरड्यांचा राजा’वर थांबू नका. सरड्याचे पाय बाजूंना फाकलेले असतात. याचे पाय धडाखाली सरळ, चाल दोनच पायांवर, आणि जवळचं नातं पक्ष्यांशी. सुमारे पावणेसात कोटी वर्षांपूर्वीचा हा प्राणी अंदाजे साडेसहा मीटर लांब होता.

आणखी एक शब्द मला खटकतो, ‘शिंग’. नाकाची आणि कपाळाची हाडं मिळून कवटीवर जो भाग वर आला आहे, तो बुटका आणि गोलसर आहे. ‘एकशिंगी’ ऐकलं की मुलं गेंडा काढतात. मी त्यांना ‘कपाळावरचा उंचवटा’ सांगतो. मग चित्र बरोबर येतं.