खरी वस्तू कागदावर अचूक प्रमाणात कशी काढायची? गणित कच्चं असलं तर जमेल का?

नक्की जमेल. तुम्हाला एक कपाट आणि ते जिथे ठेवायचं ती खोली, दोन्ही मापात काढायची आहेत, म्हणून उदाहरणंही त्यांचीच घेतो. गणित म्हणाल तर भागाकारापुरतं. मी बरीच वर्षं अशा आकृत्या काढतोय आणि माझं ठाम मत आहे की आकृती चुकते ती आकडेमोडीत नाही, मापं घेताना चुकते.

आधी प्रमाण ठरवू, म्हणजे खरी वस्तू कागदावर कितीपट लहान काढायची ते (१:१० म्हणजे दहापट लहान). ए-४ कागद २१० × २९७ मिमी असतो. कडेची जागा सोडली की साधारण १७० × २५५ मिमी हाती राहते. कपाट १८३ सेंमी उंच आणि ९१ सेंमी रुंद आहे असं धरा. १८३० ला २५५ नं भागलं तर सुमारे ७.२ येतात, ९१० ला १७० नं भागलं तर ५.४. यातला मोठा आकडा घ्यायचा आणि त्याच्या पुढचं सोयीचं प्रमाण निवडायचं. नेहमीची प्रमाणं म्हणजे १:२, १:५, १:१०, १:२०, १:५०, १:१००. इथे १:१० बसतं. १:७.२ घेऊन कागद पुरेपूर भरता येईल, पण मग प्रत्येक मापासाठी कॅल्क्युलेटर उचलावा लागेल. १:१० मध्ये सेंटिमीटरचा आकडा तसाच मिलिमीटर म्हणून काढायचा: १८३ सेंमीचे १८३ मिमी. १:२० ला त्याच्या निम्मे, १:५ ला दुप्पट, १:५० ला पाचवा भाग. एवढं लक्षात ठेवलं की आकडेमोड तोंडी होते.

आता खोली. एक भिंत ३६२ सेंमी, तिला लागून असलेली २९५ सेंमी. १:२० नं १८१ आणि १४७.५ मिमी, म्हणजे कागदावर मावते. पण इथेच लोक फसतात. चारही भिंती नीट मोजल्या तरी चौकोनाचा आकार पक्का होत नाही, कारण बाजू त्याच ठेवून तो कलू शकतो. त्रिकोणाचं तसं नाही, तीन बाजू ठरल्या की आकार ठरला. म्हणून चारही भिंती वेगवेगळ्या मोजा (समोरासमोरच्या सारख्याच असतील असं धरून चालू नका) आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कर्णही मोजा. कोपरा काटकोनात असता तर पायथागोरसच्या नियमानं कर्ण ४६७ सेंमी आला असता. टेप ४६१ दाखवत असेल तर तो कोपरा काटकोनापेक्षा लहान आहे, आणि तिथे कपाट भिंतीला चिकटून बसणार नाही.

काढताना पहिली भिंत म्हणून १८१ मिमीची रेघ मारा. तिच्या एका टोकापासून कर्णाचा, म्हणजे २३०.५ मिमीचा कंस काढा आणि दुसऱ्या टोकापासून १४७.५ मिमीचा. दोन्ही कंस छेदतात तो तिसरा कोपरा. चौथा कोपरा उरलेल्या दोन भिंतींवरून, त्याच कर्णाच्या दोन टोकांपासून मिळतो. साधा कंपास इतका उघडत नाही. जाड कागदाची पट्टी घ्या, एका टोकाला टाचणी टोचा, हव्या त्या अंतरावर भोक पाडून त्यात पेन्सिलीचं टोक घाला आणि फिरवा. दुसरा कर्णही मोजून ठेवा, पण तो काढण्यासाठी वापरू नका. आकृती पूर्ण झाल्यावर तो पट्टीनं तपासा. जुळला तर मापं बरोबर.

दार, खिडकी, खांब यांची मापं तुकड्यातुकड्यांनी घेऊ नका. टेपचं टोक एकाच कोपऱ्यात धरून ठेवा आणि तिथपासूनची सगळी अंतरं वाचत जा. प्रत्येक तुकड्यात दोन-तीन मिमी चुकले तर सहा तुकड्यांत ती चूक सेंटिमीटरच्या वर जाऊ शकते.

गोल वस्तूचा व्यास थेट मोजता येत नसेल तर भोवती दोरी गुंडाळून परीघ घ्या आणि ३.१४ नं भागा. ९४ सेंमी परीघ म्हणजे जवळपास ३० सेंमी व्यास. वेडीवाकडी कड असेल तर शेजारी एक सरळ दोरी ताणा आणि दर पाच सेंमीवर दोरीपासून कडेपर्यंतचं काटकोनातलं अंतर टिपा.

अचूकतेची हद्दही ओळखा. पेन्सिलीची रेघ अर्धा मिमी जाड धरली तर १:२० ला ती प्रत्यक्षातला एक सेंमी झाकते. म्हणून आकृतीवर पट्टी ठेवून लाकूड कापायचं माप कधीच काढू नका. टेपनं घेतलेलं खरं माप आकृतीवर आकड्यात लिहा आणि तेच वापरा. खाली एक मीटर दाखवणारी रेघही काढून ठेवा, १:२० ला ती ५० मिमीची येईल. छायाप्रत काढताना किंवा छापताना आकृती लहानमोठी झाली तर नुसतं '१:२०' लिहिलेलं खोटं ठरतं, पण ती रेघ आकृतीबरोबरच बदलते, त्यामुळे तिच्यावरून अंतरं काढता येतात.