पेटीची चौकशी

“ताई, माझा विश्वास कमी पडला का?”

सोलापुरात समुपदेशन करायला लागून मला 19 वर्षं झाली. ख्रिस्ती घरांतून येणाऱ्या माणसांनी मला सगळ्यांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच. मूल गेलेली आई विचारते, डायलिसिसवरच्या बापाची मुलगी विचारते. या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला असतो, पण तो सहसा ओठांवर येत नाही. शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, लिहिलंय, मागा म्हणजे मिळेल. मी मागितलं आणि मिळालं नाही. मग खोटं कोण, मी की शास्त्र?

काकांनी तो ओठांवर आणला. म्हणून त्यांची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.

काका 58 वर्षांचे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे लूम जुळवणारे, दुरुस्त करणारे. काकू पोटाच्या कॅन्सरने गेल्या, त्याला नऊ महिने झाले होते. काका जेवत नव्हते, झोपत नव्हते, रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जायचे बंद झाले होते. मुलीने जवळजवळ ओढूनच आणलं होतं. पहिल्या दिवशी वीस मिनिटं ते काही बोलले नाहीत. टेबलावरच्या कापडाचा सुटलेला एक धागा बोटाने परत आत सारत बसले. लूमवर आयुष्य गेलेल्या माणसाच्या बोटांना सुटलेला धागा बघवत नाही. मी घाई केली नाही. दुःखी माणसाला आधी जागा द्यावी, शास्त्रातलं वचन नंतर, हे मी मानते. इतक्या वर्षांत ते चुकलेलं मला आठवत नाही.

दुसऱ्या भेटीत त्यांनी मोबाईल उलटा करून माझ्यासमोर ठेवला. पारदर्शक कव्हरच्या आत एक वचनकार्ड होतं. कोपरे मऊ पडलेले, एका बाजूला हळदीचा डाग. 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत नव्या वर्षासाठी वचनाची चिठ्ठी उचलतात, त्यात काकूंना ते आलं होतं. स्तोत्र 118, ओवी 17: मी मरणार नाही, तर जगेन.

“तेव्हा दोन केमो झाल्या होत्या,” काका म्हणाले. “सगळी मंडळी म्हणाली, बघा, देव बोलला. आम्ही पण धरून ठेवलं की. ऑगस्टमध्ये गेली. मातीच्या दिवशी एकजण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, कुठंतरी विश्वास कमी पडला असेल. आता सांगा ताई, शास्त्र खरं असेल तर माझा विश्वास खोटा होता. आणि माझा विश्वास खरा असेल तर...”

वाक्य पुरं करायची त्यांना भीती वाटली. मी म्हटलं, “करा पुरं. देवाने याहून कडक ऐकलंय.”

ते मी उगाच म्हटलं नव्हतं. शास्त्रातल्या 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. 13 वं स्तोत्र देवाला सरळ विचारतं, किती काळ मला विसरणार? 88 वं तर अंधारावर संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही. ही गाऱ्हाणी कोणी गाळली नाहीत, उपासनेच्या गीतांमध्येच ठेवली. ज्या ग्रंथाला स्वतःची बाजू राखायची असते, तो तक्रारी जपून ठेवत नाही. शास्त्राच्या खरेपणावर माझा भरवसा बसला तो इथे.

पण काकांची गाठ यानेही सुटली नाही. ते मान हलवायचे, घरी जायचे, पुन्हा जेवायचे नाहीत. माझ्या लक्षात आलं की इथे दुःख आहेच, पण त्याच्याखाली अपराध आहे, आणि अपराध असतो तिथे दिलासा आत शिरत नाही.

चौथ्या भेटीत मी फक्त एवढंच विचारलं, “काका, तो माणूस म्हणाला विश्वास कमी पडला. तुम्हाला ते इतकं खरं का वाटलं?”

बराच वेळ गेला. मग ते टेबलाकडे बघत म्हणाले, “मी आधीच पेटी बघून आलो होतो.”

“कधी?”

“ती जायच्या पंधरा दिवस आधी. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. घरात रोज प्रार्थना चालायची, सगळे बरं होण्यासाठी मागायलेत, मी पण आमेन म्हणायचो. आणि एका दुपारी ड्यूटीवरून सुटून मी सुताराकडे गेलो. शवपेटीचं माप सांगितलं, किंमत विचारली, पाचशे रुपये हातावर ठेवले. पोरीलाही सांगितलं नाही. ताई, तोंडानं जगण्याचं मागत होतो आणि हातानं पेटीचे पैसे देत होतो. देवाने माझं काय म्हणून ऐकावं?”

काका तेव्हा पहिल्यांदा रडले. नऊ महिने हा माणूस स्वतःला बायकोच्या मरणाचा जबाबदार धरून जगत होता, पाचशे रुपयांसाठी.

मी शास्त्र काढलं आणि मार्कने लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा 14 वा अध्याय त्यांनाच वाचायला दिला. सुरुवात बेथानीतल्या बाईपासून. तिने येशूच्या मस्तकावर जटामांसीचं तेल ओतलं. लोक कुरकुरले, हे तीनशे दिनारांहून जास्त किमतीला विकता आलं असतं. दिनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी. येशू म्हणाला, तिला सोडा. हिने माझ्या पुरण्याच्या तयारीसाठी आधीच तेल लावलंय. तिला जे करता आलं ते तिने केलं.

“आधीच,” काका म्हणाले.

“आधीच. तो जिवंत समोर बसला असताना. तिला अविश्वासू म्हणाला का?”

त्यांनी ती ओवी पुन्हा वाचली. “जे करता आलं ते केलं,” एवढंच पुटपुटले. मी म्हटलं, काकूंना ऐनवेळी पोरीने पेटीसाठी धावपळ केलेली आवडली असती का? त्यांनी मान हलवली. म्हणाले, तिला सगळं आधी तयार लागायचं, नाताळचा फराळसुद्धा.

मग त्याच अध्यायात पुढे गेलो. 26 वी ओवी सांगते की शेवटच्या भोजनानंतर गीत गाऊन येशू आणि त्याचे शिष्य जैतुनाच्या डोंगराकडे निघाले. कोणतं गीत, ते मार्क लिहीत नाही. पण ते भोजन वल्हांडण सणाचं होतं, आणि त्या सणाला 113 ते 118 ही स्तोत्रं म्हणायची यहुदी रीत आहे, त्यातली शेवटची भोजनानंतर. म्हणजे बहुधा त्या रात्री येशूच्या ओठांवर 118 वं स्तोत्र होतं. मी मरणार नाही, तर जगेन. ते गाऊन तो गेथशेमाने नावाच्या जागी गेला, हा दुःखाचा प्याला दूर कर म्हणून देवबापाजवळ मागितलं, आणि प्याला दूर झाला नाही. दुसऱ्या दिवशी वधस्तंभ.

काकांनी मोबाईल उचलला, उलटा केला, कव्हरमधलं कार्ड पाहिलं. “म्हणजे हे वचन मिळालेला तो पण...” म्हणाले आणि थांबले. मीही थांबले. हा धागा मला तयारी करून सापडला नव्हता, त्यांच्या पाचशे रुपयांनी मला त्या अध्यायापर्यंत नेलं. अशी दुपार समुपदेशकाच्या वाट्याला फार वेळा येत नाही.

तुमच्या घरी असा माणूस असेल तर त्याला वचन देताना अध्याय अख्खा द्या. चिठ्ठीवर आलेली एक ओळ रोग्याच्या रिपोर्टसारखी वाचू नका; ती ज्याने लिहिली त्याच्या रडण्यासकट आणि सुटकेसकट वाचा. पुन्हा उठण्याची आमची आशा कबरेच्या पलीकडची आहे, तिला ऑगस्टची मुदत घालण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? अनेकांना बरं करणाऱ्या प्रेषित पौलानेच लिहून ठेवलंय की सोबती त्रफिमाला मिलेत गावात आजारी सोडून आलो. त्रफिमाचा विश्वास कमी होता, असं तो कुठेही म्हणत नाही. आणि मातीच्या दिवशी तर काहीच समजावू नका. शास्त्रातल्या ईयोबाची मुलंबाळं, मालमत्ता सगळं गेलं, तेव्हा त्याचे मित्र पहिले सात दिवस गप्प बसले होते, त्यांचं बिघडलं ते तोंड उघडल्यावर.

औषध बंद करून फक्त प्रार्थना, हा मार्ग मी कोणालाही सांगत नाही. पौलाचा सोबती लूकसुद्धा वैद्य होता. झोप आणि जेवण महिनोन् महिने तुटलं असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायलाच हवं. काकांनाही मी पाठवलं, गोळ्यांनी झोप लागली, त्यात देवाचा अपमान झाला नाही.

अजून ते महिन्यातून एकदा येतात. देवळात जातात, मागच्या बाकावर बसतात. परवा आले तेव्हा कबरेवरच्या दगडाचं निघालं. मुलीला त्यावर कार्डावरचंच वचन हवंय. काका तिला म्हणाले, थांब जरा.

“लिहायचं नाही का?” मी विचारलं.

“लिहायचं. पण अजून माझ्या तोंडून ते मोठ्यानं वाचवत नाही. वाचता आलं की दगडवाल्याकडे जातो.”