मॉडिफाय केलेली थार विकली, आता खरेदीदार पैसे परत मागतोय

साताऱ्याच्या एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं. २०१६ ची थार त्यांनी हौसेनं सजवली. कापडी छत काढून हार्डटॉप बसवला, मागची समोरासमोरची बाकं काढून पुढे तोंड असलेली सीट टाकली, शिवाय मोठे टायर, लोखंडी बंपर आणि लाइट बार. एकूण खर्च २ लाख ८० हजार. गाडी पुण्याच्या एका तरुणाला ७ लाख ४० हजारांना विकली. साडेसहा लाख मिळाले, उरलेले ९० हजार गाडी नावावर झाल्यावर मिळायचे होते. ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी झाली, टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्मवर, कोऱ्या सह्या दिल्या. तीन महिने झाले तरी गाडी यांच्याच नावावर आहे. मध्यंतरी आरटीओच्या वायुवेग पथकानं ती अडवली आणि बेकायदा बदलांचं ई-चलन यांच्या मोबाइलवर आलं. आता खरेदीदार म्हणतो, ‘गाडी घ्या, पैसे परत करा, नाहीतर फसवणुकीची केस आणि ग्राहक मंच.’ वाचक विचारतात, ‘बदल बघून, त्यांच्यावर भाळूनच त्यानं गाडी घेतली. मग फसवणूक कसली? आणि माझे २ लाख ८० हजार किमतीत धरायचे नाहीत का?’

आधी त्या २ लाख ८० हजारांचं बोलू. तुम्ही गॅरेजची सगळी बिलं पत्राला जोडली आहेत. असे लोक माझ्याकडे फाइल घेऊन येतात आणि सोन्याच्या पावत्या दाखवाव्यात तशा दाखवतात. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं ठरवून दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी फारकत घेणारा बदल मालकानं करायचा नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्टपणे सांगितलं आहे. मान्यताप्राप्त सीएनजी किट आरटीओकडे रीतसर नोंदवता येतं. तुमचा हार्डटॉप आणि फिरवलेली सीट त्यात बसत नाहीत. कोर्टात त्या बिलांनी गाडीची किंमत वाढणार नाही, उलट गाडी मूळ रूपात आणायचा खर्च वजा होईल. डीलरनं तुम्हाला ‘स्टॉक गाडीपेक्षा (कंपनीतून आली तशीच असलेल्या गाडीपेक्षा) कमीच देईन’ म्हटलं ते खडूसपणानं नाही. असा बदल असलेली गाडी विकली तर त्याच्यावर कलम १८२अ खाली १ लाखाचा दंड आणि कैदेचीही टांगती तलवार असते.

आता मुख्य मुद्दा. खरेदीदारानं डोळ्यांनी पाहिलं, हे तुमच्या बाजूचं आहे. करार कायद्याच्या कलम १९ मध्ये एक अपवाद आहे. साधी काळजी घेतली असती तर ज्याला सत्य कळलं असतं, त्याला नुसत्या चुकीच्या माहितीच्या किंवा मौनाच्या आधारे करार मोडता येत नाही. आरसी त्याच्या हातात होती, गाडी समोर उभी होती. पण तुमच्या जाहिरातीचा जो स्क्रीनशॉट तुम्ही पाठवलात, त्यात शेवटची ओळ आहे: ‘सगळं आरटीओ अप्रूव्ह्ड, नो टेन्शन’. ही ओळ तुम्हाला नडणार आहे. जाणूनबुजून केलेल्या खोट्या विधानाला तो अपवाद लागू पडत नाही. नोटरीतल्या ‘गाडी आहे त्या स्थितीत’ या शब्दांनीही ते झाकलं जात नाही. तेव्हा प्रश्न उरतो तो एकच, तुम्हाला हे खोटं आहे हे माहीत होतं का? गॅरेजवाल्यानं तसं सांगितलं आणि तुम्ही विश्वास ठेवलात, असं तुम्ही लिहिता. त्याचा मेसेज, बिलावरचा शेरा, काही असेल तर जपून ठेवा. जाहिरात किंवा चॅट डिलीट करू नका, ते जास्त वाईट दिसतं.

पोलिस केसची धास्ती नको. फसवणुकीचा हेतू व्यवहाराच्या सुरुवातीपासून होता हे दाखवावं लागतं. ठाण्यातून बोलावणं आलं तर जा, पण तिथे दबावाखाली ‘पैसे परत करतो’ असं काही लिहून देऊ नका. आणि ग्राहक आयोगात तो तुमच्याविरुद्ध जाऊ शकत नाही. आपली एक गाडी विकणारा माणूस व्यापारी नसतो. दिवाणी दावा मात्र तो तीन वर्षांत करू शकतो.

चलन त्याच्यावर ढकलता येईल का, असंही तुम्ही विचारलंय. अतिवेगाचं किंवा सिग्नल तोडल्याचं असतं तर हो म्हटलं असतं. पण बेकायदा बदल करणारा मालक, म्हणजे तुम्ही, कलम १८२अ मध्येच येतो: प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे तुमचंच आहे.

त्याहून मोठी काळजी नावाची आहे. विक्री झाल्यावर १४ दिवसांत तुम्ही आरटीओला कळवायचं असतं. ते राहिलंय. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये म्हटलंय की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच जबाबदार. कोऱ्या सह्यांवर ती गाडी उद्या तिसऱ्या-चौथ्या हातात गेली आणि कोणाला उडवलं, तर नोटीस साताऱ्याला तुमच्या घरी येईल. आणि विमा कंपनी या बदलांवरच बोट ठेवून भांडेल.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर दावा लढलो नसतो, तडजोड केली असती. तुम्हीच लिहिलंय की जुनं कापडी छत आणि बाकं अजून माळ्यावर आहेत. ती उतरवा. गाडी तुमच्या खर्चानं मूळ रूपात आणून देण्याची तयारी दाखवा. हार्डटॉप, टायर, बंपर सुटे विका, तुमच्या २ लाख ८० हजारांतले जे काही परत मिळतील ते तिथूनच. ९० हजारांवर पाणी सोडावं लागेल, कदाचित आणखी थोडं. त्याबदल्यात एकाच दिवशी तीन गोष्टी व्हायला हव्यात: तडजोडीचा करार, कोऱ्या टीटी फॉर्मच्या जागी तारीख घातलेले नवे फॉर्म, आणि ट्रान्सफरचा ऑनलाइन अर्ज. तो गाडी परतच देणार म्हणाला तर तीन महिन्यांच्या वापराचे पैसे कापून घ्या. ते मागणं वाजवी आहे.

गाडी कधीपासून त्याच्या ताब्यात आहे हे दाखवायला एक गोष्ट आजच बघा. गाडी ताब्यात दिल्याच्या चिठ्ठीवर तारखेसोबत वेळ लिहिली आहे का? नसेल तर त्या संध्याकाळचे चावी देतानाचे फोटो, बँकेत पैसे जमा झाल्याचा मेसेज, हे सगळं एका फोल्डरमध्ये काढून ठेवा.