फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाच्या तपासणीत कच्चा मालच स्टँडर्ड (तुलनेसाठीचा, शुद्धता माहीत असलेला नमुना) म्हणून चालेल का?

थेट नाही चालत. एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं तंत्र) फक्त तुलना करतं: गोळीचा पीक (आलेखातलं शिखर) आणि स्टँडर्डचा पीक. स्टँडर्डची शुद्धता 1 टक्क्याने जास्त धरली, तर 150 मिलिग्रॅमच्या गोळीत दीड मिलिग्रॅम औषध उगाच जास्त दिसतं, आणि कमी भरलेली बॅचही पास होऊ शकते. बुरशीच्या संसर्गाने बेजार झालेला रुग्ण तीच गोळी घेणार असतो.

गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून संदर्भ मानक (प्रमाणित स्टँडर्ड) मागवा. त्याच्याशी ताडून आपला कच्चा माल 'वर्किंग स्टँडर्ड' म्हणून पक्का केला, तर रोजच्या कामाला तो बिनधास्त वापरता येतो.

फ्रिजमधली स्टँडर्डची कुपी मात्र लगेच उघडू नका. गार काचेवर दव धरतं, पावडर ओल धरते आणि वजनात पाणीच मोजलं जातं.