हिमोफिलियावर व्हायरसमधून दिली जाणारी जीन थेरपी येईपर्यंत थांबावं का?

थांबू नका. उत्तर एवढंच आहे, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की भाचा नऊ वर्षांचा आहे, सिव्हिअर हिमोफिलिया (रक्त गोठवणारा फॅक्टर, म्हणजे एक प्रथिन, शरीरात जवळपास तयारच होत नाही), घोटा सारखा रक्ताने भरतो, आणि घरात असं चाललंय की "व्हायरसमधून जीन देतात ती थेरपी आता येतेच आहे, मग आत्तापासून इंजेक्शनांच्या मागे कशाला लागायचं?" हे वाक्य मी आमच्या माजघरात ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

२०११च्या डिसेंबरात लंडनची बातमी आली होती. सहा पेशंट, एएव्ही-८ नावाचा व्हायरस, त्यातून यकृतात जीन पोचवला आणि सहापैकी चौघांची फॅक्टरची नेहमीची इंजेक्शनं सुटली. बातमी खरी होती, मोठीही होती. आमच्या काकांनी कात्रण आणलं. काका निवृत्त मुख्याध्यापक, शाळेत विज्ञान शिकवलेलं, घरात त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नसे. मी तेव्हा पंचविशीत. उजवा गुडघा टार्गेट जॉइंट, म्हणजे पुन्हापुन्हा रक्तस्राव होणारा सांधा, झालेला. एक ब्लीड ओसरतंय तोवर दुसरं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की काही महिने तरी नियमित फॅक्टर घे, जोडीला फिजिओ कर, म्हणजे आतल्या आवरणाची सूज बसेल आणि गुडघा वाचेल. बाबांनी पतपेढीत कर्जाचा अर्जही आणून ठेवला होता.

काका म्हणाले, "दादा, कर्ज कशाला काढतोस? दोन-तीन वर्षांत एका इंजेक्शनात पोरगा बरा होतोय."

मी म्हटलं, "काका, ही बातमी हिमोफिलिया बीची आहे. माझा ए."

"ए काय अन् बी काय, रक्तच ना?"

अर्ज कपाटात गेला.

ए आणि बी सारखे नाहीत, काका. तेव्हा बोलू दिलं नाहीत, आता लिहितो. एएव्हीत जीनच्या मजकुराच्या साधारण ४,७०० अक्षरांपुरतीच जागा असते. बीसाठी लागणाऱ्या फॅक्टर नाइनचा मजकूर जेमतेम १,४०० अक्षरांचा, आरामात मावतो. एसाठी लागणाऱ्या फॅक्टर एटचा सात हजारांच्या घरात. प्रवासाच्या बॅगेत लग्नातली गादी कोंबण्यातला प्रकार. मधला बी-डोमेन नावाचा भाग कापून टाकला तेव्हा कुठे ते काठोकाठ बसलं. शिवाय बीवाल्यांना पदुआची देणगी मिळाली: इटलीतल्या एका कुटुंबात फॅक्टर नाइनचं असं रूप सापडलं जे नेहमीच्यापेक्षा सात-आठ पट काम करतं. थोडा जीन लागू पडला तरी भागतं. एच्या नशिबी असं काही नव्हतं.

मग एची थेरपी अमेरिकेत मंजूर कधी झाली? जून २०२३. किंमत २९ लाख डॉलर. तोवर माझ्या गुडघ्यातली कूर्चा संपली होती. आता तो नव्वद अंशापर्यंतही वाकत नाही. एसटीत मला पॅसेजकडचीच सीट लागते, पाय सरळ ठेवायला. आणि दर फेरीत कोणीतरी "पाय आत घ्या की" म्हणतंच. जीन थेरपीने फॅक्टर वाढतो, झिजलेला सांधा परत येत नाही. हे कात्रणात नव्हतं.

बरं, मंजूर होऊन तरी काय झालं? पेशंटच मिळेनात. २०२४मध्ये कंपनीने ते औषध फक्त अमेरिका, जर्मनी आणि इटली या तीन देशांपुरतं ठेवलं. बीचं एक औषध २०२४मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि मागणी नाही म्हणून २०२५मध्ये बंदही झालं. लोक मूर्ख नाहीत. एचा फॅक्टर पहिल्या वर्षी वर जातो आणि मग वर्षागणिक उतरत जातो. दुसरा डोस देता येत नाही, कारण पहिल्याने शरीरात त्या व्हायरसविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात. काहींच्या अंगात त्या आधीपासूनच असतात, निसर्गातला एएव्ही कधीतरी येऊन गेलेला असतो, त्यांना पहिलाही डोस मिळत नाही. यकृताची एन्झाइम्स वाढली की कित्येक महिने स्टेरॉइड.

आणि तुमचा भाचा नऊ वर्षांचा! ही औषधं प्रौढांसाठीच मंजूर आहेत. एएव्हीने नेलेला जीन बहुतांशी क्रोमोझोममध्ये शिरत नाही, पेशीत बाजूला पडून असतो. मुलाचं यकृत वाढतं, पेशी दुभंगत जातात, जीन विरळ होत जातो. म्हणजे उद्या सगळं फुकट मिळालं तरी त्याला अठरापर्यंत थांबावं लागणार. तोवर घोट्याचं काय करणार आहात?

"व्हायरसने दुसरा आजार होईल का?" असंही विचारलंय. व्हायरसचे स्वतःचे जीन काढलेले असतात, त्यामुळे सर्दी-तापासारखी लागण होत नाही. पण धोका नाही असं नाही. १९९९मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा अशाच चाचणीत दगावला, तिथला व्हायरस ॲडेनोव्हायरस होता, वेगळा आजार होता, पण शरीराच्या प्रतिकारशक्तीने त्याच्यावरच तुटून पडून जीव घेतला. पॅरिसला प्रतिकारशक्तीच्या एका आजारावरच्या चाचणीत जीन नको तिथे जाऊन बसला आणि काही मुलांना ल्युकेमिया झाला. आजचे वेक्टर, म्हणजे जीन वाहून नेणारे व्हायरस, त्यातून शिकून बनलेत.

वेल्लोरचं मात्र वेगळं. तिथल्या क्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये हिमोफिलिया एच्या पाच पेशंटवर लेंटिव्हायरस हा दुसऱ्या जातीचा व्हायरस वापरून काम झालं, २०२४च्या डिसेंबरात छापून आलं. स्टेम सेल (रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी) बाहेर काढायच्या, त्यांत जीन घालायचा, केमो देऊन मज्जा रिकामी करायची आणि त्या सेल परत सोडायच्या. इथे जीन क्रोमोझोममध्येच बसतो, त्यामुळे विरळ होत नाही, आणि एएव्हीच्या अँटीबॉडी आड येत नाहीत. उपचारानंतर पाचही जणांना ब्लीड नाही. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. काकांनीही ती बातमी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली, खाली लिहिलं, "मी म्हणालो होतो ना?" पाच माणसं, सगळी प्रौढ, आणि केमो. हे वाचायची तसदी नाही.

आता खरं सांगतो, मला काकांचा राग गुडघ्यावरून नाही, मुलीवरून आहे. माझी मुलगी कॅरियर, म्हणजे सदोष जीन बाळगणारी, आहे. माझा एकुलता एक्स क्रोमोझोम, ज्यावर हा जीन असतो, तिच्याकडेच जाणार, त्याला टेस्टही लागत नाही. काकांचं म्हणणं, "आता थेरपी आलीय, पोरीच्या स्थळांना काही सांगू नका." अहो, जीन जातो माझ्या यकृतात! पुढच्या पिढीला जातो तो जुनाच. मी उद्या शंभर टक्के बरा झालो तरी ती कॅरियरच. तिचा स्वतःचा फॅक्टरही कमी निघाला. पाळीच्या त्रासाचं कारण इतकी वर्षं अशक्तपणा सांगत होते. मी तिला सगळं सांगितलंय, आणि पुढे जो विचारायला येईल त्यालाही ती सांगणार आहे. यावर आमच्या घरी अजून दोन गट आहेत.

म्हणून तुम्हाला विचारतो: भाच्याला बहीण आहे? तुमची आणखी एखादी बहीण लग्नाची किंवा गरोदर आहे? त्यांची फॅक्टर लेव्हल आणि कॅरियर टेस्ट आधी करा. परळला केईएमच्या आवारातल्या इम्युनोहिमॅटॉलॉजीच्या राष्ट्रीय संस्थेत हे काम होतं, गर्भातलं निदानही होतं.

भाच्यासाठी या महिन्यात प्रोफायलॅक्सिस, म्हणजे ब्लीड होऊच नये म्हणून नियमित उपचार, सुरू करा. फॅक्टर किंवा एमिसिझुमॅब. एमिसिझुमॅब हे औषध कातडीखाली टोचायचं, आठवड्याने किंवा महिन्यानेही चालतं. काय फुकट मिळेल ते जिल्हा रुग्णालयात आणि जवळच्या हिमोफिलिया सोसायटीत विचारा. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढा, २०१६च्या कायद्यात हिमोफिलिया आहे.

मी डॉक्टर नाही, डोस ठरवू नका माझ्या भरवशावर. इन्हिबिटरची (फॅक्टर निकामी करणाऱ्या अँटीबॉडींची) तपासणी झाली नसेल तर आधी ती. एमिसिझुमॅब चालू असताना मोठा मार लागला तर फॅक्टर लागू शकतो, घरी ठेवा. आणि ए की बी ते तुम्ही लिहिलेलं नाही. बी असेल तर एमिसिझुमॅबचा उपयोग नाही, वेल्लोरची ती चाचणीही एचीच होती.