घरकामं वाटून घेताना फरशी पुसायचं काम नकोच असेल, तर जोडीदाराला ते कसं सांगावं?

‘भांडी कितीही द्या, पण फरशी नको’ हे तुमचं वाक्य वाचून हसू आलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी बायकोला अगदी हेच म्हणालो होतो. ती म्हणाली, “मलाही नकोय. मग?” त्या ‘मग?’चं उत्तर सापडायला आम्हाला दोनेक वर्षं लागली.

आवडत नाही म्हणून एखादं काम टाळणं हा स्वार्थीपणा का, असं तुम्ही विचारलंय. बदल्यात काही उचलणार नसाल तर हो, स्वार्थीपणाच. पण समोरच्याला जे काम तितकंच नकोसं आहे ते तुम्ही घेणार असाल, तर तो सरळ व्यवहार आहे, त्यात लाजायचं काही नाही. मी मात्र सुरुवातीला भलताच व्यवहार करत होतो. मला भांडी घासायला आवडतात. गरम पाणी, समोर खिडकी, कानात काहीतरी चालू. ती मी घासायचो आणि वर ‘मी भांडी करतो ना’ असं ऐकवायचो. म्हणजे आवडीचं काम करून नावडत्या कामाची सूट मागत होतो.

त्यावरून भांडणं व्हायची, आणि दोघांनाही मनापासून वाटायचं की घराचा गाडा आपणच ओढतोय. हे फक्त आमचंच नव्हतं म्हणे. १९७९ साली मायकल रॉस आणि फिओर सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी ३७ जोडप्यांना वीसेक गोष्टींबद्दल विचारलं, की यात तुमचा स्वतःचा वाटा किती? नवरा-बायकोच्या उत्तरांची बेरीज केली तर बहुतेक बाबतींत ती शंभर टक्क्यांच्या वर जात होती. गंमत म्हणजे भांडण सुरू करण्यासारख्या वाईट गोष्टींतही लोक स्वतःचा वाटा वाढवूनच सांगत होते. म्हणजे ही नुसती फुशारकी नाही. आपण केलेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्याने केलेलं आपण पाहिलेलंच नसतं. तेव्हापासून ‘जास्त कोण करतं’ हा विषय आम्ही काढतच नाही.

त्याऐवजी आम्ही एक कागद घेतला. मालमत्तेची वाटणी सोडवायला राज्यशास्त्रज्ञ स्टीव्हन ब्रॅम्स आणि गणितज्ञ ॲलन टेलर या दोघांनी गुण देण्याची एक पद्धत काढली आहे. प्रत्येकाने १०० गुण घ्यायचे आणि आपल्याला काय किती हवंय त्याप्रमाणे वाटायचे. आम्ही ती उलटी वापरली: काय किती नकोय. स्वयंपाक वार वाटून होतो, म्हणून तो धरला नाही. एकमेकांना न दाखवता आकडे लिहिले. फरशीला मी ४०, तिने १५. कपडे वाळत घालणं, काढणं, घड्या घालणं याला मी १०, तिने चक्क ३५. बाथरूम माझे २०, तिचे १०. सामान आणणं माझे १०, तिचे २०. भांड्यांना मी उदार मनाने ० लिहिणार होतो, पण बेरीज शंभर करायची म्हणून दोघांचे २०-२० झाले. (हे अर्थातच खोटं होतं, आणि तिला ते लगेच कळलं.)

मग कपडे, सामान आणि भांडी माझ्याकडे आली, म्हणजे ४०. फरशी आणि बाथरूम तिच्याकडे, म्हणजे २५. दोघांनाही निम्म्याहून कमी नकोसं मिळालं. सगळं अर्धं अर्धं केलं असतं, तर दोघांच्याही वाट्याला ५०-५० आले असते. घड्या घालणं तिला इतकं नकोसं आहे हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. ती रोज मुकाट्याने घालायची.

दोन गोष्टी मात्र कागदावर येत नाहीत. एक वेळ. गुण कंटाळा मोजतात, मिनिटं नाही. त्यामुळे आठवड्याचे तास अंदाजाने तरी बघा. दुसरी, आणि जास्त महत्त्वाची, म्हणजे लक्षात ठेवणं. मी कपडे घेतले, पण ‘अरे, पाऊस येतोय, कपडे काढ’ हे पहिले काही महिने तीच ओरडायची. मग ते काम माझं कसलं? हात माझे, डोकं तिचं. काम घेतलं की ते कधी करायचं, साबण कधी संपतोय, हेही त्यातच आलं. आणि ज्याने काम घेतलं त्याच्या पद्धतीनेच ते होणार. माझ्या घड्या वाकड्या असतात.

आता तुमच्या फरशीकडे वळतो. तिच्यातलं नेमकं काय नकोय ते एकदा शोधा. मला वाटायचं सगळंच. नीट पाहिलं तर केर काढायला माझी काही हरकत नव्हती. अंगावर काटा यायचा तो फडकं पिळताना: करड्या पाण्यात हात घालायचा, आणि बोटाला गुंडाळून येणारा तो एक लांब केस, झटकला तरी न सुटणारा. शिवाय उकिडवं बसून मागे सरकताना गुडघे बोलायला लागायचे. म्हणजे माझ्या ४० पैकी निम्मे गुण त्या फडक्याचेच होते. लांब दांड्याचा मॉप आणि पिळायची जाळी असलेली बादली आणल्यावर माझा आकडा बराच खाली आला. आता ती दमलेली असेल तेव्हा मी पुसतो आणि त्याची जाहिरात करत नाही. (आता केलीच म्हणा.)

दोघांनाही खरोखरच नको असेल, तर आधी काम कमी करा. चपला दाराबाहेर ठेवल्या की माती निम्मी घरात येत नाही. केर रोज काढा, पुसणं एक दिवसाआड चालतं. केर नीट न काढता पुसलं की त्याच धुळीचा चिखल होतो आणि काम दुप्पट वाटतं. पाण्यात औषध जास्त ओतू नका. मी ‘चांगलं स्वच्छ होऊ दे’ म्हणून ओतायचो आणि फरशी चिकट होऊन संध्याकाळपर्यंत पुन्हा काळी व्हायची. आणि वैतागाच्या भरात ब्लीचमध्ये बाथरूमचं ॲसिड कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. उरलेलं काम मग आलटून पालटून, आठवड्याआड. फिरता रोबोटही आहेच, पण त्याच्यासाठी वायरी आणि मोजे कुणी उचलायचे यावरून आमच्याकडे नवं भांडण झालं.

जोडीदाराला सांगायचं कसं, तर ‘मला फरशी नको’ने सुरुवात करू नका. आज रात्री नुसतं विचारा, “तुला यातलं सगळ्यात नकोसं काय वाटतं?” आणि उत्तर येईल ते काम घ्यायची तयारी ठेवूनच विचारा. तेही नेमकं फरशीच निघालं, तर वर बादलीचं सांगितलंय.