ब्राझीलमधलं उबेराबा शहर कसं आहे? तिथली सगळी कमाई खरंच आपल्याकडून गेलेल्या गायींवर चालते का?

सगळी नाही. शहराबाहेर पडलात की गायीच्या आधी ऊस दिसतो. मी पशुपैदाशीच्या कामात आहे, त्यामुळे तिकडे गेलो ते वशिंडवाल्या गायी बघायच्या ओढीनं. पण रस्त्यानं बराच वेळ ऊस, मका, सोयाबीन आणि परत ऊस एवढंच बघत होतो.

उबेराबा मिनास जेराइस राज्याच्या पश्चिम टोकाला आहे. दक्षिणेला रिओ ग्रांदे नदी, ती ओलांडली की साओ पावलो राज्य. साओ पावलो शहर साधारण ४८० किलोमीटरवर. २०२२ च्या जनगणनेत लोकसंख्या ३ लाख ३७ हजारांच्या पुढे होती, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम जिल्ह्याच्या ठिकाणाएवढी. पण ब्राझीलमध्ये शहराच्या कारभारात भोवतालचं शिवारही येतं. उबेराबाची हद्द साडेचार हजार चौरस किलोमीटरच्या आसपास भरते. आपले सरासरी पाच तालुके त्यात बसतील. म्हणूनच 'शहर' असूनही ते राज्यातल्या मोठ्या शेतीउत्पादकांत गणलं जातं.

ही जमीन सेराडोची, म्हणजे ब्राझीलमधल्या गवत-झुडपांच्या माळरानाची. तांबडी, खोल, पण आम्लधर्मी आणि स्फुरद कमी. पूर्वी तिच्यावर गुरं चारण्यापलीकडे फारसं काही होत नसे. १९७० च्या दशकापासून चुना आणि स्फुरद घालून तीच जमीन पिकाखाली आली. उबेराबातच स्फुरदयुक्त खतांचा मोठा कारखाना आहे. त्याला लागणारा खनिज दगड तापिराच्या खाणीत दळून, पाण्यात कालवून शंभराहून अधिक किलोमीटर लांबीच्या नळातून येतो.

उसाबद्दल कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांना उत्सुकता असेल. तिकडचा हंगाम साधारण एप्रिलला सुरू होतो आणि पावसाळा लागेपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या सुमारास, आटोपतो. आपल्या बरोबर उलटा. तोडणी यंत्रानं. कारखाने बहुतेक खासगी कंपन्यांचे, बरीचशी जमीनही त्यांनी स्वतः कसलेली किंवा खंडानं घेतलेली. साखर करायची की इथेनॉल, हे ते भाव बघून ठरवतात. पेट्रोल पंपावर दोन्ही इंधनं शेजारी शेजारी मिळतात आणि लोक पाटीवरचे आकडे बघून टाकी भरतात.

आता गायी. उबेराबाचे तेओफिलो दे गोदोय १८९३ मध्ये गुरं विकत घ्यायला थेट भारतात आले. त्यांच्यामागून आणखी बरेच आले. गीर गेली, कांकरेज गेली (तिकडे ती 'गुझेरा'), आंध्रची ओंगोल गेली (ती 'नेलोरे'). ऊन, गोचीड आणि निकृष्ट गवत या तिन्हींपुढे युरोपीय गाय हरायची, ही टिकायची. इतका साधा हिशोब होता. मात्र १९२० मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली अशीच गुरं बेल्जियमच्या अँटवर्प बंदरातून जाताना तिथे बुळकांडी हा गुरांचा जीवघेणा रोग पसरला. जनावरांच्या आरोग्याची जागतिक संघटना १९२४ मध्ये पॅरिसला स्थापन झाली, तिला निमित्त झाली ही साथ. अँटवर्पच्या साथीनंतर पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, रोग ब्राझीलमध्येही निघाला आणि सरकारनं भारतातून आयात बंद केली. नंतर काही वेळा सवलत मिळाली. शेवटची मोठी आयात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची.

व्हॉट्सअॅपवर भावनगरच्या महाराजांनी दिलेल्या 'कृष्णा' वळूची गोष्ट फिरते. ती खरी आहे, पण तो वळू नेणारे सेल्सो गार्सिया सिद पराना राज्यातले. उबेराबाच्या खात्यावर ती गोष्ट मांडू नये.

माझ्या मते उबेराबाची खरी ताकद गोठ्यात नाही, कागदात आहे. १९१९ मध्ये इथे वंशावळीची नोंदवही सुरू झाली. त्यातूनच पुढे झेबू (वशिंडवाली गुरं) पैदासकारांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि १९६७ पासून ती सध्याच्या नावानं ओळखली जाते. देशात कुठेही शुद्ध झेबू जनावर जन्मलं की त्याची नोंद याच संघटनेकडे. आई कोण, बाप कोण, वजन किती, कुठल्या वेतात दूध किती, सगळं लिहिलेलं. आपण गीरची महती गातो, आणि दुधाची नोंद मागितली की बहुतेक गोठ्यांत एकमेकांची तोंडं बघतात.

अर्थात तेही एका दिवसात शहाणे झाले नाहीत. गीर, कांकरेज आणि ओंगोल यांच्या संकरातून त्यांनी 'इंदुब्राझील' जात तयार केली आणि एक काळ असा होता की तिचा भाव कानांच्या लांबीवर ठरायचा! लांब कानाच्या वळूंवर लोकांनी बंगले बांधले. १९४० च्या दशकाच्या मध्यावर बँकांनी हात आखडला, फुगा फुटला आणि कित्येक घराणी कर्जात बुडाली. दूध आणि वजन मोजायला खरा जोर त्यानंतर आला.

आज शहरात वळूंची रेतन केंद्रं आहेत, भ्रूण तयार करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. होल्स्टीन पाच भाग आणि गीर तीन भाग अशी 'गिरोलांदो' ही दुधाची जात सरकारनं १९९६ मध्ये मान्य केली, तिच्या संघटनेचं मुख्यालयही इथलंच. 'विआतीना-१९' नावाची ११०० किलोची नेलोरे गाय बातम्यांत वाचली असेल. २०२३ मध्ये तिची फक्त एक तृतीयांश मालकी विकली गेली आणि त्या भावानं अख्ख्या गायीची किंमत ४० लाख डॉलरच्या वर गेली. दुधासाठी तिला कोणी घेतलं नाही. तिच्या स्त्रीबीजांपासून होणाऱ्या वासरांसाठी ही सगळी चढाओढ. आणि हेही सांगून टाकतो, कारण आपल्याकडचे लेख ते गाळतात: नेलोरे ही मांसाची जात आहे. ब्राझीलच्या गुरांत सर्वाधिक संख्या तिच्या रक्ताची, आणि तिचा शेवट कत्तलखान्यात होतो. ज्यांना ते सोसत नाही त्यांनी ही सहल करू नये.

गायींपलीकडेही शहराला ओळख आहे. जवळच्या पेइरोपोलिस गावात १९४० च्या दशकापासून डायनोसॉरचे अवशेष निघत आले. 'उबेराबाटायटन' ही प्रजाती तर इथल्याच नावाची, आणि २०२४ मध्ये युनेस्कोनं या भागाला जिओपार्कचा दर्जा दिला. गाव छोटंसं आहे, संग्रहालय अर्ध्या दिवसात होतं. ब्राझीलचे लोक मात्र बहुतेक करून चिको शाविएर यांच्यासाठी येतात. मृतात्म्यांचे संदेश लिहून देणारे म्हणून ते देशभर प्रसिद्ध होते. १९५९ पासून २००२ मध्ये वारले तोवर ते इथेच राहिले.

जायचंच असेल तर एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला, एक्स्पोझेबू प्रदर्शनाच्या वेळी जा. झेबूचं संग्रहालय त्याच आवारात आहे. हॉटेल महिनोन्‌महिने आधी ठरवा. पोर्तुगीज येणारं कोणी सोबत घ्या, इंग्रजीवर भागत नाही. आणि लिलावात बसलात तर एक लक्षात ठेवा: पुकारा जनावराच्या पूर्ण किमतीचा नसतो, एका हप्त्याचा असतो. हप्ते चोवीस-तीसही असू शकतात. तेव्हा 'एवढ्यात वळू?' म्हणून हात वर करण्याआधी गुणाकार करा.